खो-खोचा खुंट आणि ‘नीट’ची तारीख

वाचकांचे प्रश्न : खेळ, शरीर आणि शिक्षण

(या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून हा संपूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. उत्तरे देणारे डॉक्टर रत्नागिरी जिल्ह्यात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतात आणि विद्यार्थिदशेत ते कबड्डी खेळत असत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी लांजा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. पाचवीपासून खो-खो खेळते. गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत आमचा संघ विभागीय फेरीपर्यंत गेला आणि यंदा जिल्ह्याच्या अठरा वर्षांखालील मुलींच्या संघात माझी निवड झाली. मला डॉक्टर व्हायचे आहे आणि जमल्यास खेळाडूंवर उपचार करणारी डॉक्टर. आई म्हणते, बारावी होईपर्यंत खेळ पूर्ण बंद कर. आमचे सर म्हणतात, खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात, तेव्हा उलट खेळ वाढव. शेजारचे दादा सांगतात, सरळ लातूरला क्लासला जा. रोज एस.टी.च्या जाण्यायेण्यात माझे तीन तास मोडतात आणि सराव धरून रात्री पुस्तक उघडेपर्यंत नऊ वाजतात. कोणाचे ऐकू? आणखी एक विचारायचे आहे. गेले चार महिने मला पाळी आलेली नाही. जास्त धावल्याने असे होते, असे मैत्रिणी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : तुझ्या पत्रातील शेवटच्या ओळींपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांना महिनाभर उशीर झाला तरी चालेल, या प्रश्नाला चालणार नाही. नियमित येणारी पाळी तीन महिने किंवा अधिक काळ आली नाही, तर ती तपासून घ्यायची गोष्ट असते. ‘खेळणाऱ्या मुलींचे असेच असते’ असे म्हणून सोडून द्यायची नाही. मैत्रिणींचे म्हणणे अर्धे खरे आहे. धावल्याने पाळी थांबत नाही. जेवढे धावणे होते तेवढे खाणे झाले नाही, तर शरीर उरलेली ऊर्जा हृदय, मेंदू आणि स्नायूंसाठी राखून ठेवते, मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी थांबते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे हाडांना जपणारे संप्रेरकही कमी होते आणि नेमक्या ज्या वयात हाडे भरत असतात त्याच वयात ती भरायची राहतात. अशा मुलींच्या नडगीच्या हाडाला बारीक तडे गेलेले मी माझ्याच दवाखान्यात पाहिले आहेत. थायरॉइडचे विकार, पीसीओएस (बीजकोशांचा एक संप्रेरक-विकार) आणि इतरही कारणे असू शकतात, म्हणून या आठवड्यात आईला सोबत घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घे. सकाळी चहा-बिस्किटावर घर सोडायचे, दुपारचा डबा अर्धा परत आणायचा आणि संध्याकाळी दोन तास मैदानावर पळायचे, असा तुझा दिवस असेल (पत्रावरून तसे वाटते), तर डॉक्टरांना तो जसाच्या तसा सांग. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मासे, अंडी, शेंगदाणे हे सारे आपल्याकडे घरात असते. सरावाआधी आणि सरावानंतर लगेच पोटात काही गेले पाहिजे, एवढेच पाहायचे. आईला हे वाचायला दे. खेळ बंद करावा की नाही हा वाद त्यानंतर घाला.

आता सरांचे पाच टक्के. हा गैरसमज कोकणात मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा उगम सांगणे भाग आहे. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे ते शासकीय नोकऱ्यांत. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, तेही खरे आहे. स्पर्धेच्या पातळीनुसार ते ठरतात आणि त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. परंतु एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि तेथे मंडळाचे सवलतीचे गुण कोणी मोजत नाही. आपल्या राज्याच्या वैद्यकीय प्रवेशप्रक्रियेत महिलांसाठी, संरक्षण दलांतील व्यक्तींच्या पाल्यांसाठी, दिव्यांगांसाठी, अनाथांसाठी, डोंगरी भागातील उमेदवारांसाठी तरतुदी आहेत; खेळाडूंसाठी वेगळा वर्ग धरून चालू नकोस. हे प्रवेश पाहणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका दर वर्षी निघते, ती सरांनाही वाचायला दे. तुझा तालुका डोंगरी भागाच्या यादीत येतो का, हे त्यातून पाहून ठेवणे क्रीडा प्रमाणपत्रांच्या जाड फाइलपेक्षा तुझ्या कामाचे ठरू शकेल.

थोडक्यात, प्रवेशाच्या दारात तुझा खो-खो काहीच वजन टाकत नाही. हे कटू वाटेल, पण एकदा मान्य केले की खेळाविषयीचा निर्णय सोपा होतो. गुणांसाठी खेळायचे नसेल तर कोणत्या स्पर्धेत उतरायचे आणि कोणती सोडायची, हे तू कॅलेंडर समोर ठेवून ठरवू शकतेस.

ते कॅलेंडर मांडून पाहू. ‘नीट’ गेली काही वर्षे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. तीन तासांत १८० प्रश्न, ७२० गुण. त्यांपैकी जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे बरोबर निम्मे गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो, त्यामुळे ठोकून दिलेली उत्तरे महाग पडतात. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन शिमग्याच्या तोंडावर. तुझ्या शालेय स्पर्धा पावसात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग कोल्हापूर विभाग आणि पुढे गेल्यास राज्य, अशा दिवाळीच्या मागेपुढे लांबतात. संघटनेच्या निवड चाचण्या आणि राज्य अजिंक्यपद त्यातच कुठेतरी बसवायचे. यंदा अकरावीत हे सगळे खेळ. बारावीच्या वर्षी जिल्हा आणि विभागापर्यंत खेळ आणि दिवाळीनंतर स्पर्धा थांबव. धावणे थांबवू नकोस. आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटे मैदानावर जाणे हे त्या सहा महिन्यांत तुझ्या अभ्यासाला लागणारे तेल आहे. ते बंद केलेली मुले मार्चपर्यंत चिडचिडी होतात आणि रात्री जागून दिवसा पेंगतात, हे मी घरच्याच दोन पुतण्यांवरून सांगतो.

तुमचे प्रशिक्षक तुला बारावीच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची आणि जानकी पुरस्काराची आशा दाखवतील. त्यात त्यांची काही चूक नाही. अठरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय खो-खोमधला तो सर्वोच्च वैयक्तिक सन्मान आहे आणि ती संधी वयानेच संपते. तुझी निवड राज्याच्या संघात झाली आणि तारखा डिसेंबरात आल्या, तर जा. अशा वेळी ‘नीट’ वर्षभर पुढे ढकलणे हाही मार्ग आहे. परीक्षेला कमाल वयाची किंवा प्रयत्नांच्या संख्येची मर्यादा आज नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण असणे एवढीच वयाची अट आहे. मात्र हा निर्णय निवड झाल्यावर घ्यायचा. निवड होईल या भरवशावर आधीच अभ्यास सैल सोडायचा नाही.

लातूरविषयी माझे मत स्पष्ट आहे: तुझ्या बाबतीत नको. तेथील शिकवणी चांगली नाही असे मुळीच म्हणणे नाही. पण आता कुठे पाळी चुकते आहे, जेवणाची घडी विस्कटली आहे आणि मैदान हाच ज्या मुलीचा विसावा आहे, तिला चारशे किलोमीटरवर वसतिगृहाच्या खोलीत ठेवणे मला पटत नाही. तुझी खरी अडचण एस.टी.चे तीन तास ही आहे. ती सोडव. लांज्यात किंवा रत्नागिरीत मावशी, आत्या, कोणाकडे सोमवार ते शुक्रवार राहता येते का ते पाहा. घराघरांत हे चालते आणि त्यात कमीपणा नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकांवर अवलंबून राहू नकोस. कोकण विभाग मंडळाच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, पण मंडळाचा निकाल आणि ‘नीट’ची गुणवत्ता यादी ही दोन निराळी गणिते आहेत. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची दोन पुस्तके ओळ न ओळ वाचावी लागतात, आकृत्यांखालच्या मथळ्यांसकट. अकरावीच्या पुस्तकात हालचाल आणि स्नायूंचे एक प्रकरण आहे. ते मैदानावरून आल्यावर वाच. स्नायूंतील ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून कसे सरकतात, हे इतरांना पाठ करावे लागते. तुझ्या पोटऱ्या तेव्हा दुखत असतात.

आता पुढचे. एमबीबीएस साडेचार वर्षांचे आणि त्यावर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप), म्हणजे साडेपाच वर्षे. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. खेळाडूंवर उपचार करायचे तर त्यानंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. क्रीडावैद्यक हा स्वतंत्र एमडीचा विषय आहे आणि तो मोजक्याच ठिकाणी शिकवला जातो. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक. बहुतेक जण अस्थिरोगशास्त्र घेऊन पुढे सांधे आणि अस्थिबंधांच्या दुखापतींकडे वळतात. मीही त्याच वाटेने आलो. म्हणजे तू स्वतंत्रपणे एखाद्या खेळाडूचा गुडघा हातात घेशील तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असशील. खो-खोतील उमेदीची वर्षे आणि ही वर्षे बरोबर एकमेकींवर पडतात. दोन्हींत शिखर गाठता येईल, असे मी तुला सांगणार नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो जिंकला. त्या संघात जायचे स्वप्न असेल तर ते उघडपणे स्वतःशी बोल, कारण त्या सरावाला आणि शवविच्छेदनाच्या वर्गाला एकच सकाळ मिळते.

पण खेळ पूर्ण सुटतो असेही नाही. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याचे संघ असतात आणि राज्यातील विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात ते उतरतात. तेथे खो-खो आहे, कबड्डीही आहे. फक्त हजेरी सांभाळायची. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीसाठी मी आठ दिवस कोणालाही न सांगता गेलो, चषक घेऊन परत आलो आणि सूचनाफलकावर हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत माझे नाव तिसरे होते. सत्र वाया गेले. क्रीडा विभागाचे एक साधे पत्र आधी दिले असते तर ते टळले असते. चषक महाविद्यालयाच्या कपाटात राहिला, मी मात्र कनिष्ठांबरोबर बसलो.

त्याआधीचे वर्ष मात्र मला वेगळ्या कारणाने आठवते. शरीररचनाशास्त्राच्या सभागृहात गुडघा उघडला होता आणि आमच्या शिक्षिकेने चिमट्याने एक पांढरट दोरी उचलून दाखवली. जेमतेम सव्वा इंच लांब, करंगळीपेक्षा बारीक. एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड गुडघ्यात बांधून ठेवणारा अस्थिबंध. माझ्या गावच्या संघातील सर्वांत वेगवान चढाईपटू ज्या ‘गुडघा सरकला’मुळे कायमचा घरी बसला होता, तो या एवढ्याशा दोरीमुळे, हे त्या क्षणी कळले. आमच्या वर्गात शंभरावर मुले होती, पण मला वाटते त्या दोरीकडे बघून पाय आखडून घेणारा मी एकटाच असेन. तुझ्या बाबतीतही असेच होणार. खो-खोत खुंटाजवळ पूर्ण वेगात येऊन एका पायावर गर्रकन वळावे लागते, नेमक्या त्याच हालचालीत ही दोरी तुटते, आणि मुलींमध्ये ती मुलांपेक्षा अधिक प्रमाणात तुटते. बारावीच्या वर्षी हे झाले तर शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने जातात. म्हणून आजपासून सरावाआधी पंधरा मिनिटे दे: उडी मारून दोन्ही गुडघे वाकवून मऊ उतरणे, गुडघा आत न झुकवता एका पायावर बसणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. पावसात लाल माती निसरडी असते तेव्हा सूर मारण्याचा सराव करू नकोस.

महाविद्यालयांविषयी दोन शब्द. तुझ्या आईच्या पिढीला वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई, मिरज किंवा कोल्हापूर गाठावे लागे. आता अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१-२२ पासून, तर रत्नागिरीत २०२३-२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू आहेत, प्रत्येकी १०० जागांनी सुरू झालेली. चिपळूणजवळ डेरवणला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे क्रीडासंकुल एकाच परिसरात आहे; तेथील युवा क्रीडा स्पर्धांना तू बहुधा जाऊनही आली असशील. शुल्काची चिंता पत्रात नाही, पण आईच्या मनात असणारच. आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच झालेला असला पाहिजे. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र बारावीच्या दिवाळीच्या सुटीतच काढून ठेव. जूनमध्ये सेतू केंद्रासमोरची रांग कशी असते ते कोणालाही विचार.

प्रश्न : माझा मुलगा मालवणात बारावीत शिकतो. चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेत तो तीन वर्षे उतरला आहे. पहाटे साडेचारला उठून पोहायला जातो, रात्री बारापर्यंत अभ्यास करतो आणि सराव परीक्षेत त्याचे गुण वाढण्याऐवजी उतरत आहेत. त्याला वैद्यकीय शाखेला जायचे आहे. पोहणे सोड म्हटले की घरात अबोला होतो. खेळाडू असून डॉक्टर झालेले कोणी खरोखर आहे का, की ही केवळ बोलण्याची गोष्ट आहे?

उत्तर : आपण दिलेल्या वेळा मी मोजल्या. रात्री बारा ते पहाटे साडेचार म्हणजे साडेचार तासांची झोप होते. या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास लागतात. दिवसभरात वाचलेले झोपेतच पक्के होते, तेव्हा आपला मुलगा रात्री अकरा ते बारा जे वाचतो ते पहाटेच्या गजराबरोबर पुसले जाते, असे म्हटले तरी फार अतिशयोक्ती होणार नाही. गुण पोहण्यामुळे उतरलेले नाहीत. त्याला संध्याकाळी पोहू द्या, आठवड्यातून तीन-चार वेळा, तासाभरापेक्षा कमी. आणि रात्री दहाला दिवा मालवा. लांब पल्ल्याची स्पर्धा यंदा नको, कारण ती डिसेंबरात येते आणि तिच्या तयारीचे दोन महिने पूर्वपरीक्षेवर पडतात. एका वर्षाने समुद्र कोठे जात नाही, हे आपण त्याला माझ्यापेक्षा चांगले सांगू शकाल.

खेळाडू-डॉक्टरांविषयी विचारलेत म्हणून दोन-तीन नावे देतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल संघ उतरला, बरेचसे खेळाडू अनवाणी. त्या संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ हा नागा टेकड्यांमधून कोलकात्यात आलेला वैद्यकीय विद्यार्थी होता, आज आर. जी. कर नावाने ओळखले जाते त्या महाविद्यालयात तो शिकत होता आणि मोहन बागानकडून खेळत होता. फ्रान्सशी तो सामना भारत १-२ असा हरला. परत येऊन आओंनी पदवी पूर्ण केली आणि पुढचे आयुष्य नागालँडमध्ये सरकारी डॉक्टर म्हणून काढले. दुसरे आपल्या शेजारचे: गोव्यात जन्मलेले वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या हॉकी संघात होते आणि क्रीडावैद्यकाचे डॉक्टर होते, टेनिसपटू लिअँडर पेस हे त्यांचे चिरंजीव. तिसरे नाव आपल्या मुलाला ठाऊक असेल. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावले, तेव्हा ते लंडनच्या एका रुग्णालयात शिकणारे विद्यार्थी होते आणि त्यांचा सराव बहुतेक दुपारच्या सुटीत उरकलेला असे. पुढे ते मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर झाले. मला त्या विक्रमापेक्षा दुपारच्या सुटीचे अधिक कौतुक आहे. कमी वेळात नेमका सराव कसा बसवायचा, हे त्यांना जमले.

आणखी एक सुचवतो. आपला मुलगा समुद्रात पोहणारा आहे, शरीराने तंदुरुस्त आहे, तर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची माहिती त्याला जरूर द्या. प्रवेश ‘नीट’च्याच गुणांवर सुरू होतो, त्यापुढे त्यांची स्वतंत्र चाचणी, मुलाखत आणि कसून वैद्यकीय तपासणी असते, आणि पदवीनंतर सैन्यदलात सेवा देण्याचे बंधन स्वीकारावे लागते. ते बंधन मोठे आहे. घरात चौघांनी बसून बोलावे इतके मोठे. पण खेळाला जेथे अडथळा समजत नाहीत, अशा थोड्या वैद्यकीय संस्थांपैकी ती एक आहे.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातला. कबड्डीत उजवा कोपरारक्षक. चार महिन्यांपूर्वी एसीएलची शस्त्रक्रिया झाली. ‘नीट’ दुसऱ्यांदा दिली, एमबीबीएस मिळेल इतके गुण नाहीत. फिजिओथेरपीला जावे असे वाटते, पण घरचे म्हणतात ते काही खरे डॉक्टर नव्हेत. एक एजंट परदेशात एमबीबीएसला पाठवतो म्हणतो. शिवाय आमच्या मंडळाची स्पर्धा महाशिवरात्रीला आहे, म्हणजे तेव्हा सहा महिने होतील. खेळू का?

उत्तर : नाही. सहाव्या महिन्यात गुडघा दुखत नाही, सूज नसते आणि आपल्याला वाटते की झाले. पण आत बसवलेला नवा अस्थिबंध तोवर पुरेसा पक्का झालेला नसतो. नऊ महिन्यांच्या आत वळणे-झेपावणे असलेल्या खेळात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. कोपऱ्यावर उभे राहून घोटा पकडताना सगळा भार ज्या गुडघ्यावर येतो तोच तुझा शस्त्रक्रियेचा आहे का, हे तू लिहिलेले नाहीस. असला काय, नसला काय, उत्तर बदलत नाही.

फिजिओथेरपीबद्दल घरच्यांचे म्हणणे मला अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून खोडून काढले पाहिजे. शस्त्रक्रिया मी दीड तासात करतो. त्यानंतरचे नऊ महिने रुग्ण फिजिओथेरपिस्टच्या हातात असतो आणि तो मैदानावर परतेल की नाही हे बहुतांशी तेथे ठरते. आंतरवासितेसह साडेचार ते पाच वर्षांची ही पदवी आहे, पुढे क्रीडा-फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण घेता येते, आणि कबड्डीच्या व्यावसायिक संघांपासून जिल्हा संघटनेपर्यंत अशा माणसांची गरज आहे. आपल्या किनाऱ्यावर तर फारच आहे. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत दर गावात कबड्डीचे मंडळ आहे आणि दुखापत झाली की अजूनही तेल चोळणाऱ्याकडे नेतात. एक मात्र नीट समजून घे. शस्त्रक्रिया करण्याची, औषधे लिहिण्याची इच्छा मनात असेल आणि फिजिओथेरपी केवळ सांत्वन म्हणून घेणार असशील, तर तिसऱ्या वर्षी कंटाळशील. स्वतःच्या गुडघ्याच्या व्यायामात तुला रस वाटला का, की तो उरकण्याचा कार्यक्रम होता? त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दे आणि मग अर्ज भर.

एजंटला एवढेच विचार: भारतात येऊन व्यवसाय करण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, ती त्याने पाठवलेल्यांपैकी किती जण उत्तीर्ण झाले, त्यांची नावे आणि फोन क्रमांक दे. ‘नीट’ची किमान पात्रता परदेशासाठीही लागते, आणि शिक्षणाचा कालावधी, माध्यम आणि आंतरवासितेच्या अटी पूर्ण नसतील तर ती पदवी येथे चालत नाही. घर गहाण टाकून हा निर्णय घेऊ नये.

महाशिवरात्रीला मैदानावर जा, पण गुणलेखकाच्या टेबलाजवळ बस. त्याआधी शिवणकामाची टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटे आणि एक वीत वर, दोन्ही ठिकाणी मोज आणि वहीत लिहून ठेव. दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोज. ती वही घेऊन तुझ्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि एका पायावर उडी मारण्याची चाचणी कधी घ्यायची ते त्यांनाच ठरवू दे.